दार्जिलिंगचा दुसऱ्या बहराचा चहा: नवख्यांसाठी आस्वादाची रीत

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत पातेल्यात पाणी, साखर, आले किंवा गवती चहा आणि दाणेदार पत्ती एकत्र उकळून, वरून दूध घालून चहा केला जातो. त्या चहाचे स्थान पक्के आहे आणि ते हलवण्याचा या लेखाचा हेतू नाही. मात्र चहाच्याच झुडपापासून तयार होणारा एक प्रकार असा आहे, ज्याला उकळी, दूध आणि साखर या तिन्ही गोष्टी मारक ठरतात. दार्जिलिंगच्या डोंगरउतारांवर मे-जूनमध्ये खुडलेल्या पानांचा तो कोरा चहा होय. तो प्रथम पिणाऱ्याची बहुधा निराशा होते, कारण कडकपणा हीच चहाची कसोटी मानण्याची सवय जिभेला लागलेली असते आणि हा चहा त्या कसोटीवर फिका पडतो. त्याचे बळ गंधात आणि गिळल्यानंतर तोंडात उरणाऱ्या चवीत असते. तो कसा निवडावा, कसा करावा आणि मुख्य म्हणजे कसा चाखावा, हे पुढे क्रमाने मांडले आहे. वर्णने पाठ करून चव कळत नाही, दोन कप शेजारी ठेवून ती कळते. त्यामुळे अगदी पहिल्या दिवसापासून तुलनेची सवय लावून घ्यावी, हा माझा या संपूर्ण लेखातील आग्रह आहे.

आधी हंगाम समजून घ्यावा

संत्र्याला जसा आंबिया बहर आणि मृग बहर असतो, तसे दार्जिलिंगच्या चहालाही वर्षभरात वेगवेगळे बहर येतात, आणि त्याच झुडपाचे पान प्रत्येक बहरात निराळा चहा देते. हिवाळ्यात थंडीमुळे झुडपे जवळजवळ निद्रिस्त असतात. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत जी पहिली कोवळी पालवी फुटते, तिला पहिला बहर म्हणतात. त्याचा चहा फिकट सोनेरी असतो आणि त्याला फुलांचा व ओल्या हिरव्या पानाचा गंध असतो. पहिली फूट खुडून झाल्यावर झुडपाची वाढ काही काळ थबकते. मळ्यांवर अशा थांबलेल्या शेंड्याला ‘बांझी’ म्हणतात. ही विश्रांती संपून मेच्या मध्याच्या आसपास पुन्हा शेंडे फुटू लागतात आणि जूनच्या अखेरीपर्यंत खुडणी चालते. हाच दुसरा बहर. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत धो-धो पावसात पान झपाट्याने वाढते, पण त्याचा गंध विरळ होतो, आणि तो चहा बहुतांशी मिश्रणांत व पिशव्यांत जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शरदाचा बहर येतो. त्याचा चहा तांबूस, सौम्य आणि किंचित गोडसर असतो.

नवख्याने यांपैकी दुसऱ्या बहरापासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला बहर अधिक गाजतो आणि अधिक महागही असतो, पण दूध-साखरेच्या चहावर वाढलेल्या माणसाला तो अनेकदा चहाच वाटत नाही. दुसऱ्या बहरात तांबूस रंग, थोडा भरीवपणा आणि ओळखीचा तुरटपणा असल्यामुळे जिभेला कुठेतरी पाय रोवता येतो आणि तिथून पुढे सूक्ष्म गोष्टींकडे जाता येते.

या बहराची ख्याती ज्या गंधामुळे आहे, त्याला ‘मस्कटेल’ म्हणतात. मस्कट नावाच्या सुगंधी द्राक्षांवरून हे नाव आले आहे. आपल्याकडील वाचकाची येथे हमखास गफलत होते, कारण नाशिक-सांगलीकडे सर्वाधिक पिकणाऱ्या थॉम्पसन सीडलेस किंवा तास-ए-गणेश या द्राक्षांत मस्कटचा सुगंध मुळीच नसतो. ती द्राक्षे मनात धरून कपात शोध घेतला, तर हाती काही लागणार नाही. त्याऐवजी घरातले थोडे धणे चेचून लगेच हुंगावेत आणि मग गुलाबाची ताजी पाकळी हुंगावी. धण्यांच्या सुगंधात लिनालूल हे द्रव्य मुख्य असते, गुलाबात जिरॅनिऑल असते, आणि खानदेशात ज्याच्यापासून तेल काढण्याची जुनी परंपरा आहे त्या रोशा गवतातही जिरॅनिऑलच प्रमुख असते. मस्कटेल गंधाच्या मुळाशी हीच द्रव्ये आणि त्यांचे नातलग आहेत. त्यांच्या जोडीला मध, मनुका, पिकलेला जर्दाळू आणि जुन्या लाकडाची झाक आली की दुसऱ्या बहराचे चित्र पुरे होते.

हा गंध येतो कुठून, याचे उत्तर विदर्भातल्या कापूस उत्पादकाला नवल वाटावे असे आहे. कपाशीवर ज्यांना शत्रू मानून फवारणी केली जाते, त्या तुडतुड्यांचेच भाईबंद आणि त्यांच्या जोडीला फुलकिडे मे-जूनच्या उष्ण, कोरड्या दिवसांत चहाच्या कोवळ्या शेंड्यांतला रस शोषतात. पान पिवळसर पडते, आखडते आणि वाढ खुंटते. उत्पादन घटते, पण त्या हल्ल्याला तोंड देताना झुडूप आपल्या पानांत सुगंधी द्रव्ये अधिक प्रमाणात तयार करते. ही द्रव्ये पानात बरीचशी साखरेच्या रेणूंशी जखडलेली असतात. कारखान्यात पान कोमेजवून वळले जाते, तेव्हा पानातली विकरे ती मोकळी करतात. म्हणजे कीड, कोरडी हवा आणि कारागिराचा हात हे तिन्ही जुळून आले तरच मस्कटेल मिळते. पाऊस लवकर आला, तर उत्तम मळ्यातही त्या वर्षी ते अंधुक राहते. तैवानमधील ‘ओरिएंटल ब्यूटी’ हा प्रसिद्ध चहादेखील अशाच तुडतुड्यांनी चावलेल्या पानांपासून होतो.

खरेदी करताना काय पाहावे

सुरुवातीला ५० ग्रॅमपेक्षा मोठे पाकीट घेऊ नये, आणि शक्य असल्यास एकाच मोठ्या पाकिटाऐवजी दोन मळ्यांची लहान पाकिटे घ्यावीत. पाकिटावर चार गोष्टी शोधाव्यात: मळ्याचे नाव, बहर, खुडणीचे वर्ष आणि पॅकिंगची तारीख. चांगले विक्रेते यासोबत ‘डीजे’ या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांकही देतात. मळ्यावर एका वेळी तयार झालेल्या मालाच्या एका खेपेचा तो क्रमांक असतो, आणि एकाच मळ्याच्या दोन खेपांतही चवीचा स्पष्ट फरक असू शकतो. नुसते ‘दार्जिलिंग चहा’ लिहिलेले, ना बहर ना मळा असे पाकीट बहुधा वेगवेगळ्या बहरांचे मिश्रण असते. ते वाईट असेलच असे नाही, पण हंगामाची चव शिकण्यासाठी त्याचा उपयोग होत नाही.

दार्जिलिंग चहाला २००४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि भारतात असे मानांकन मिळालेले ते पहिले उत्पादन आहे. त्या अन्वये दार्जिलिंगच्या ठरावीक डोंगराळ भागातील ८७ मळ्यांत पिकलेल्या आणि तिथेच तयार झालेल्या चहालाच हे नाव लावता येते. चहा मंडळाचे बोधचिन्ह, म्हणजे हातात दोन पाने व कळी धरलेली स्त्री, पाकिटावर आहे का हे पाहावे. ही दक्षता महत्त्वाची आहे, कारण शेजारच्या नेपाळमधील चहा दार्जिलिंगच्या नावाने विकला जाण्याची तक्रार अनेक वर्षांची आहे. नेपाळच्या इलाम भागातील चहा स्वतःच्या गुणांवर उत्तम आहे आणि तो त्याच्याच नावाने घेऊन जरूर प्यावा. दुसऱ्याच्या नावावर तो विकणे मात्र दोन्हीकडच्या मळेकामगारांवर अन्याय करणारे आहे. दार्जिलिंगचे वार्षिक उत्पादन पूर्वी १ कोटी किलोच्या आसपास असे, ते अलीकडे ६० लाख किलोच्या आगेमागे आले आहे. २०१७ च्या जूनमध्ये सुरू झालेल्या १०० दिवसांहून अधिक काळ चाललेल्या बंदमुळे तर त्या वर्षीच्या दुसऱ्या बहराचा बराच भाग खुडलाच गेला नाही. एवढ्या थोड्या मालाच्या मानाने ‘दार्जिलिंग’ लिहिलेली पाकिटे बाजारात फार दिसतात, हे ध्यानात ठेवावे.

पाकिटावर ‘एसएफटीजीएफओपी’ अशी अक्षरांची लांबलचक रांग दिसते. तिच्यावरून पानाचा आकार, ते सबंध आहे की मोडलेले आणि त्यात कळ्यांचे प्रमाण किती, याचा अंदाज येतो. चवीची हमी त्यात नसते, आणि केवळ एका अक्षरासाठी दुप्पट किंमत मोजणे नवख्याला परवडणारे नाही. त्यापेक्षा मळ्याकडे लक्ष द्यावे. कर्सियांग भागातील कॅसलटन, जंगपना, गुमटी आणि मार्गारेट्स होप हे मळे दुसऱ्या बहरासाठी विशेष नावाजलेले आहेत. विक्रेत्याकडे वर्णनात ‘चायना’ आणि ‘क्लोनल’ असे शब्दही आढळतील. पहिला शब्द चीनमधून आणलेल्या बियाण्याच्या जुन्या, लहान पानांच्या झुडपांसाठी असतो, तर दुसरा निवडक झुडपांच्या कलमांपासून वाढवलेल्या वाणांसाठी, उदाहरणार्थ एव्ही-२. मस्कटेलची खोली जुन्या चायना झुडपांत अधिक सापडते, तर क्लोनल चहात फुलांचा गंध ठळक असतो. पहिल्या खरेदीसाठी चायना घ्यावा.

पाणी आणि भांडी

कपातला जवळजवळ सगळा ऐवज पाण्याचाच असतो, तरी त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्या जड पाण्यात दार्जिलिंगचा गंध दबतो, रंग काळपट होतो आणि कपावर पातळ तवंग धरतो. दख्खनच्या पठारावरील बोअरवेलचे पाणी अनेक ठिकाणी असे असते. धरणातून येणारे नळाचे पाणी सामान्यतः मऊ असते आणि ते चालते. त्याला क्लोरीनचा वास असेल तर रुंद भांड्यात रात्रभर उघडे ठेवावे. घरच्या आरओ यंत्राचे पाणी क्षार जवळजवळ शून्यावर आणत असेल तर चहा सपक लागतो. अशा वेळी त्यात थोडे साधे गाळलेले पाणी मिसळून पाहावे. एकच चहा दोन प्रकारच्या पाण्यांत करून शेजारी ठेवला, तर हा फरक कोणत्याही वर्णनाविना पटतो, आणि माझ्या मते नवख्याने करावयाचा हा पहिला प्रयोग आहे.

भांडी थोडीच लागतात. आतून पांढरे असलेले दोन सारखे कप, चहा मुरवण्यासाठी झाकणाची चिनी मातीची किंवा काचेची किटली, बारीक गाळणी आणि ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा एवढे पुरे. वजनकाट्याचा आग्रह अनाठायी नाही. दाणेदार सीटीसी (यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेली) पत्ती चमच्यात घट्ट बसते, तर दार्जिलिंगचे लांब, वळलेले पान पोकळ बसते, आणि त्याच चमच्यात त्याचे वजन बरेच कमी भरते. चमच्याने मोजणाऱ्याचा चहा रोज वेगळा होतो, आणि मग कालच्या व आजच्या कपाची तुलना निरर्थक ठरते.

जागेचाही विचार करावा. फोडणीचा वास भरलेल्या स्वयंपाकघरात किंवा उदबत्ती लावलेल्या खोलीत हा चहा चाखू नये. कांदा-लसूण, पान-सुपारी किंवा तिखट जेवणानंतर किमान तासभर जाऊ द्यावा. सकाळी हलक्या न्याहारीनंतर थोड्या वेळाने तोंड सर्वांत स्वच्छ असते. अगदी उपाशीपोटी कोरा चहा काहींना सोसत नाही, आणि झोपेच्या तक्रारी असणाऱ्यांनी तो संध्याकाळी घेऊ नये, कारण कोवळ्या शेंड्यांत कॅफीन चांगलेच असते.

कोरडे पान पाहणे

पाणी तापेपर्यंत पांढऱ्या कागदावर चिमूटभर पान पसरावे. दुसऱ्या बहराचे पान गडद तपकिरी असते, त्यात तांबूस छटा आणि मधूनमधून सोनेरी किंवा रुपेरी टोके दिसतात. ही टोके म्हणजे कोवळ्या कळ्या होत. पान एकसारख्या आकाराचे असावे, तळाशी भुकटी आणि देठांचे तुकडे फारसे नसावेत. मग गरम पाण्याने विसळून कोरड्या केलेल्या किटलीत मोजलेले पान टाकून झाकण लावावे, अर्ध्या मिनिटाने उघडून हुंगावे. किटलीच्या उबेने पानातला गंध जागा होतो, आणि सुकामेवा, मध, कोको किंवा लाकूड यांची पहिली चाहूल इथेच लागते. ओल्या पोत्याचा किंवा पुठ्ठ्याचा वास आला, तर चहा दमट जागी राहिलेला आहे, असे समजावे.

चहा मुरवणे

१५० मिलिलिटर पाण्याला २ ते २.५ ग्रॅम पान घ्यावे. पाणी ताजे घ्यावे, एकदा उकळी फुटू द्यावी, आच बंद करून मिनिट-दीड मिनिट थांबावे आणि मग ओतावे. तोवर ते ९० ते ९५ अंशांपर्यंत उतरते. प्रत्यक्ष दार्जिलिंग शहरात, सुमारे २,००० मीटर उंचीवर, पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे तिथे हा खोळंबा करावा लागत नाही. पाणी ओतताच झाकण लावावे आणि घड्याळ पाहावे. पहिल्या दिवशी तीन मिनिटे ठेवावीत. वेळ संपताच सगळा चहा गाळून घ्यावा, किटलीत एक घोटही मागे राहू देऊ नये, कारण मागे राहिलेले पाणी पानातला कडवटपणा ओढत राहते आणि त्याच पानाचा दुसरा कप बिघडतो.

पान उकळू का नये, हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. उकळत्या पातेल्यातून वाफेबरोबर सर्वांत आधी जातात ती सुगंधी द्रव्ये, आणि मागे उरतो तो तुरटपणा. दाणेदार पत्तीची जडणघडणच दुधाला पुरून उरेल असा कडक अर्क देण्यासाठी झालेली आहे, म्हणून तिला उकळी सोसते. दुधाचेही तसेच आहे. दुधातील केसीन हे प्रथिन चहातील तुरट घटकांना बांधून टाकते. कडक चहाला त्यामुळे गोलाई येते, पण दार्जिलिंगमध्ये त्या तुरटपणावरच चवीचा तोल उभा असतो, आणि तो गेला की मागे काही शिल्लक राहत नाही. साखर घालायची असलीच, तर अर्धा कप बिनसाखरेचा पिऊन झाल्यावर उरलेल्यात घालावी, म्हणजे काय झाकले गेले ते तरी कळते.

चहा व्यवसायातले परीक्षक याहून कठोर रीत वापरतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० मिलिलिटरला २ ग्रॅम पान, उकळते पाणी आणि ६ मिनिटे अशी ती रीत आहे. तिचा हेतू चहातले दोष उघडे पाडण्याचा असतो, आनंद देण्याचा नव्हे. कोलकात्यात चहाचे लिलाव १८६१ पासून होत आले आहेत, आणि एका बैठकीत ओळीने मांडलेले कितीतरी कप चाखणाऱ्या परीक्षकाला दोष चटकन दिसणे गरजेचे असते. दोन पाकिटांपैकी कोणते बरे, असा प्रश्न पडला तर घरीही एकदा ही रीत करून पाहावी. सहा मिनिटांनंतरही जो चहा तोंड न आवळता पिता येतो, त्याचे पान खरेच चांगले असते.

चाखण्याचा क्रम

कप हाती घेण्याआधी गाळणीतले ओले पान हुंगावे. अनेकजण ते सरळ टाकून देतात, परंतु गंधाची सर्वाधिक माहिती इथेच मिळते. पान अजून गरम असताना येणारा पहिला वास तीव्र आणि सरमिसळ असतो. मिनिटभराने पुन्हा हुंगले की फुले, फळे, मध, लाकूड असे थर सुटे होऊ लागतात. पानाचा रंग पाहावा. उजळ तांबूस, नव्या तांब्याच्या भांड्यासारखे पान चांगल्या ऑक्सिडीकरणाची, म्हणजे वळलेले पान हवेशी संयोग पावून तांबूस होण्याच्या क्रियेची, खूण असते. काळपट, निस्तेज पान जास्त तापवलेले किंवा जास्त वेळ ठेवलेले असते, तर हिरवे डाग अधिक असतील तर ऑक्सिडीकरण अपुरे राहिले आहे किंवा चहा मुळात पहिल्या बहराकडे झुकणारा आहे.

मग कपातला रंग खिडकीच्या उजेडात पाहावा. गडद असणे महत्त्वाचे नाही, उजळ असणे महत्त्वाचे आहे. पान ऑक्सिडीकरण पावताना त्यात थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन अशी दोन प्रकारची द्रव्ये तयार होतात. पहिल्याने कपाला चमक आणि चवीला तरतरी येते, दुसऱ्याने तांबूस गडदपणा आणि भरीवपणा. कपाच्या कडेला, जिथे चहाचा थर पातळ असतो, तिथे सोनेरी वलय दिसले तर तोल साधला आहे असे समजावे.

चहा लगेच पिऊ नये. फार गरम असताना जिभेला फक्त उष्णता कळते. चार-पाच मिनिटांनी, घोट सहज घेता येईल इतका तो निवला की चमच्याने थोडा घेऊन मोठ्याने भुरका मारावा. बशीत ओतून चहाचे भुरके घेणारी पिढी आपल्याकडे फार जुनी नाही, आणि चाखण्याच्या दृष्टीने ती पद्धत अगदी योग्य होती. भुरक्यासोबत हवा आत जाते, चहाचे तुषार सबंध तोंडात पसरतात आणि गंध घशाच्या मागून नाकात चढतो. आपण ज्याला चव म्हणतो त्याचा मोठा भाग या मागच्या वाटेने येणारा गंध असतो. खात्री करून घ्यायची असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्यावा आणि तोंडात असतानाच चिमूट सोडावी.

यानंतर एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे. पहिल्या घोटाला फक्त गंध पाहावा. दुसऱ्या घोटाला तोंडातला भार पाहावा, म्हणजे चहा पाण्यासारखा निसटतो की जिभेवर क्षणभर टेकतो. तिसऱ्या घोटाला तुरट आणि कडू यांतला भेद करावा, आणि इथे नवख्याने रेंगाळावे, कारण या दोन्हींना आपण सर्रास ‘कडक’ म्हणतो. कडूपणा ही चव आहे. ती कारल्यात, मेथीत असते आणि जिभेला कळते. तुरटपणा हा स्पर्श आहे. जांभूळ किंवा कच्चे केळे खाल्ल्यावर गालांना आणि हिरड्यांना जी कोरड जाणवते, ती तुरटपणाची. दुसऱ्या बहरात तुरटपणा असायलाच हवा, पण तो लवकर विरून तोंडाला पाणी सुटावे आणि मागे गोडसरपणा उरावा. जो तुरटपणा घशाशी चिकटून बसतो, तो जास्त वेळ मुरवल्याचा किंवा हलक्या पानाचा पुरावा असतो. चौथा घोट गिळून दोन मिनिटे काहीही न करता थांबावे आणि तोंडात काय उरते ते पाहावे. दोन महाग चहांमध्ये निवड करायची झाली तर मी याच टप्प्यावर करतो, कारण गंधाची पहिली झुळूक बऱ्याच चहांना असते, पण ती टिकवून धरणारे थोडेच असतात.

उरलेला चहा निवू द्यावा आणि कोमट झाल्यावर पुन्हा चाखावा. मस्कटेल गंध अनेकदा गरम कपात लपलेला असतो आणि कोमट झाल्यावर वर येतो. दोषही तेव्हाच उघडे पडतात: जास्त भाजल्याचा करपट वास, ऑक्सिडीकरण लांबल्याची आंबूस चव, किंवा शिळ्या चहाचा सपाटपणा, ज्यात वाईट काही नसते पण चांगलेही काही नसते. पान फेकू नये. त्यावर पुन्हा तितकेच पाणी ओतून चार ते पाच मिनिटे ठेवावे. हा दुसरा कप सौम्य असतो आणि गंधापेक्षा गोडवा त्यात जास्त कळतो.

टिपणे आणि तुलना

जुजबी वही पुरते. तारीख, मळा, बहर, पान, पाणी, वेळ हे लिहून झाल्यावर चवीसाठी स्वतःचेच शब्द वापरावेत. पाकिटावरचे वर्णन चाखून होईपर्यंत वाचू नये, कारण एकदा ‘जर्दाळू’ वाचले की नाकाला जर्दाळूच लागतो. मनुका, गुळाची काकवी, जुनी सागवानी पेटी, ओली माती, पिकलेले केळ असे जे आठवेल ते लिहावे. ते दुसऱ्याशी जुळले नाही तरी बिघडत नाही. आठवड्याभराने त्याच चहाला आपण तेच शब्द देतो की नाही, एवढे तपासावे.

तुलना करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पहिल्या बैठकीत तोच चहा दोन पाण्यांत, दुसऱ्या बैठकीत तोच चहा अडीच आणि चार मिनिटे, तिसरीत दोन मळ्यांचे चहा अगदी सारख्या मापाने. घरातल्या कोणाला तरी कप मांडायला सांगून, कोणता कुठला हे न कळता चाखले तर आणखी चांगले. दोनपेक्षा जास्त कप सुरुवातीला ठेवू नयेत. तिसऱ्या कपापर्यंत तुरटपणाने तोंड बधिर होते आणि नोंदी भरवशाच्या राहत नाहीत. मध्ये साधे पाणी आणि कोरडी पोळी किंवा पावाचा तुकडा घ्यावा.

दुसऱ्या बहराचा माल महाराष्ट्रात पोचतो तो बहुधा पावसाळ्यात, आणि चहा हवेतला ओलावा व वास झपाट्याने शोषतो. कोकण-मुंबईच्या दमट हवेत उघडे पाकीट काही आठवड्यांत निस्तेज होते. घट्ट झाकणाच्या अपारदर्शक डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवावा. फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण डबा बाहेर काढून उघडताच पानावर बाष्प धरते. पाकीट उघडल्या दिवशीच १५ ग्रॅमच्या आसपास चहा वेगळ्या छोट्या पुडीत हवाबंद करून ठेवावा. डिसेंबरच्या सुमारास शरदाच्या बहराचा चहा विक्रीला आला की त्याच मळ्याचे छोटे पाकीट घ्यावे, ही राखलेली पुडी उघडावी, आणि दोन्ही चहा त्याच पाण्यात, त्याच वजनाने, तीन मिनिटे मुरवून शेजारी ठेवावेत.